पाण्याखालच्या मॅक्रो छायाचित्रणासाठी स्ट्रोब आणि स्नूट: आधी काय घ्यावे, किती ताकदीचे घ्यावे?

शंखपुष्पी

नमस्कार.

गेली चार वर्षे मी जमेल तेव्हा डायव्हिंग करते. पहिले प्रशिक्षण तारकर्लीला झाले आणि त्यानंतर मालवण, नेत्राणी आणि अंदमानातील स्वराज द्वीप मिळून साठएक डाइव्ह झाल्या. मोठे मासे आणि कासवे दिसली की आनंद होतोच, पण माझा जीव रमतो तो खडकाच्या कपारीत राहणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या प्राण्यांमध्ये: न्यूडिब्रँक म्हणजे कवच नसलेल्या रंगीत सागरी गोगलगायी, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या कोळंब्या, गवताच्या काडीसारखे पाइपफिश.

कॅमेरा ऑलिंपसचा मिररलेस आहे, त्यावर ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आणि बाहेरून हाउसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी पेटी. आतापर्यंत मी व्हिडिओच्या टॉर्चवर भागवत आले. त्या प्रकाशात रंग दिसतात, पण शटर १/६० च्या वर नेता येत नाही, त्यामुळे पाण्याच्या हेलकाव्याने चित्र हलते आणि मागची सगळी वाळू, शेवाळ, तुटके शिंपले तितकेच स्पष्ट उमटतात. ज्या जिवासाठी दहा मिनिटे थांबावे, तोच त्या पसाऱ्यात हरवतो.

येत्या सप्टेंबरात इंडोनेशियातील लेंबे सामुद्रधुनीत आठ दिवस जायचे ठरले आहे. त्याआधी स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली चालणारी फ्लॅश, घ्यायचा आहे आणि शक्य झाल्यास प्रकाशाचा बारीक झोत पाडणारा स्नूटही. पैसे एकदाच खर्च करता येतील, म्हणून विचारते: मॅक्रोसाठी मोठ्या ताकदीचा स्ट्रोब खरोखर लागतो का? दोन स्ट्रोब हवेत की एक पुरेसा आहे? आणि स्नूट नंतर घेतला तर चालेल, की दोन्हींचा विचार एकत्रच करावा?

खोलपाणी

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. स्नूट आधी निवडा आणि त्याला साजेसा स्ट्रोब घ्या. बहुतेकांचा क्रम उलटा असतो, आणि मग हातातल्या स्ट्रोबवर बसणारा स्नूट शोधत वर्ष जाते.

ताकदीचा हिशेब करून पाहू. इनॉन झेड-३३० आणि सी अँड सी वायएस-डी३ या दोन मोठ्या स्ट्रोबचा गाइड नंबर, म्हणजे ताकद सांगणारा आकडा, ३३ आहे. हा आकडा हवेतला आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० असतानाचा असतो. पाण्यात तो साधारण एक तृतीयांशावर येतो असे धरून मी चालतो, म्हणजे ११. मॅक्रोत स्ट्रोबपासून प्राण्यापर्यंतचे अंतर वीस सेंटीमीटर असते, म्हणजे ०.२ मीटर. ११ ला ०.२ ने भागले की ५५ येतात, म्हणजे हा स्ट्रोब पूर्ण ताकदीने उडवला तर एफ/५५ एवढ्या बारीक अपर्चरला, म्हणजे लेन्सच्या छिद्राला, पुरेल एवढा प्रकाश देतो. तुम्ही तुमच्या लेन्सवर एफ/११ वापरणार. अपर्चरमध्ये पाच पट फरक म्हणजे प्रकाशात पंचवीस पट फरक, म्हणून पूर्ण ताकदीच्या पंचविसाव्या भागात तुमचे काम होते. गाइड नंबर १५ च्या लहान स्ट्रोबचा हिशेब याच रीतीने केला तर तो पाचव्या भागात काम भागवतो. मोठ्या स्ट्रोबची ताकद रुंद कोनाच्या चित्रणात लागते, जिथे दोन मीटरवरचा प्रवाळाचा डोंगर उजळायचा असतो. मॅक्रोत ती ताकद बहुतेक वेळ झोपून राहते.

तरी मोठा स्ट्रोब अगदीच वाया जातो असे नाही, आणि इथे स्नूट मध्ये येतो. तंतूंचा स्नूट, म्हणजे ज्यात फायबर ऑप्टिकच्या लवचीक नळ्यांतून प्रकाश पुढे नेला जातो, तो सहज तीन स्टॉप प्रकाश खातो. तीन स्टॉप म्हणजे आठ पट. लहान स्ट्रोबच्या पाचव्या भागाला आठने गुणले की पूर्ण ताकदीच्याही पलीकडे जावे लागते, मग आयएसओ २०० करावा लागतो आणि प्रत्येक चित्रानंतर स्ट्रोब भरण्याची वाट पाहावी लागते. भिंगाच्या स्नूटमध्ये मात्र आतले भिंग प्रकाश गोळा करून एका बिंदूकडे नेते, त्यामुळे तोटा पुष्कळ कमी होतो. स्लोव्हेनियातील रेट्रा कंपनीचा एलएसडी हा त्या जातीचा आहे. त्यात वेगवेगळ्या छिद्रांच्या पट्ट्या घालून झोताचा आकार बदलता येतो आणि योग्य अडॅप्टर असल्यास तो इतर कंपन्यांच्या काही स्ट्रोबवरही बसतो. बॅकस्कॅटर या कंपनीच्या एमएफ-१ या छोट्या स्ट्रोबसाठी केलेला ओएस-१ स्नूटही भिंगाचाच आहे.

मी मस्कतला राहतो आणि ओमानच्या किनाऱ्यावर डायव्हिंग करतो. माझ्याकडे आधी दोन मोठे स्ट्रोब होते. गेली तीन वर्षे मॅक्रोला जाताना मी त्यातला एकच नेतो आणि हाउसिंगच्या दुसऱ्या बाहूवर, म्हणजे स्ट्रोब धरणाऱ्या दांड्यावर, एमएफ-१ आणि त्याचा स्नूट लावतो. हातातले वजन कमी झाल्याने माझी चित्रे जितकी सुधारली, तितकी कोणत्याही नव्या लेन्सने सुधारली नव्हती.

भरतीओहोटी

मी मालवणात डाइव्ह गाइड म्हणून काम करतो. वरचा हिशेब बरोबर आहे, पण तो नितळ पाण्याचा आहे. आपल्या किनाऱ्यावरचे पाणी वेगळे असते, म्हणून त्यात थोडी भर घालतो.

आमच्याकडे हंगाम ऑक्टोबर ते मे. चांगल्या दिवशीही दृश्यता तीन ते पाच मीटर धरावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळ ढवळून निघतो, तर अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा पाण्याला ओढ कमी असते आणि ते त्यातल्या त्यात निवळलेले असते. मॅक्रोसाठी येणाऱ्यांना मी नेहमी भांगाचे दिवस धरून यायला सांगतो. त्या दिवसांतही पाण्यात बारीक कण तरंगतच असतात. स्ट्रोबचा रुंद प्रकाश पोर्ट (हाउसिंगचा लेन्ससमोरचा काचेचा भाग) आणि प्राणी यांच्यामधल्या पाण्यावर पडला की प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन चित्रात येतो. यालाच सगळे बॅकस्कॅटर म्हणतात. लोकांना वाटते की मॅक्रोत अंतर कमी असल्याने हा प्रश्न येत नाही. लेंबेला कदाचित तो फार जाणवणार नाही, पण मालवणला जाणवतो.

स्नूटचा खरा उपयोग मला इथेच दिसला. वरून किंवा बाजूने सोडलेला बारीक झोत फक्त त्या प्राण्याभोवतीच्या पाण्याला स्पर्श करतो आणि पोर्टसमोरचे पाणी अंधारात राहते. कण तिथेच असतात, पण त्यांच्यावर प्रकाश नसल्याने ते दिसत नाहीत. मागचा पसाराही काळोखात जातो. परदेशी लेखांत स्नूट हे नाट्यमय प्रकाशाचे साधन म्हणून येते. कोकणच्या गढूळ पाण्यात ते चित्र स्वच्छ ठेवण्याचे साधन आहे, आणि या कारणासाठी मी इथल्या माणसाला दुसऱ्या स्ट्रोबच्या आधी स्नूट घ्यायला सांगेन.

शंखपुष्पी

दोघांचेही मनापासून आभार. भांगाचा मुद्दा माझ्या वहीत गेला. म्हणजे एक लहान स्ट्रोब, त्यावर भिंगाचा स्नूट, आणि जमल्यास स्नूटशिवायच्या साध्या चित्रांसाठी दुसरा स्ट्रोब, असा क्रम मला दिसतो आहे. आता आणखी दोन शंका. टीटीएलची, म्हणजे कॅमेऱ्यानेच स्ट्रोबची ताकद ठरवण्याची, सोय असलेलाच स्ट्रोब घ्यावा का? आणि स्नूट घरी बनवता येतो असे ऐकले आहे, त्यात तथ्य आहे का?

गलबत

घरच्या स्नूटविषयी मी सांगू शकतो, कारण माझे पहिले दोन हंगाम त्यावरच गेले.

नळ-जोडणीच्या दुकानात पीव्हीसीचा रिड्यूसर मिळतो, म्हणजे मोठ्या पाइपाला लहान पाइप जोडणारा तुकडा. मोठे तोंड स्ट्रोबवर बसेल असा घ्यायचा, आतून काळ्या रंगाचा हात मारायचा आणि लहान तोंडात काळ्या स्ट्रॉ एकमेकींना चिकटवून गच्च बसवायच्या. स्ट्रॉमुळे तिरका प्रकाश अडतो आणि सरळ प्रकाश पुढे जातो. बाजूला दोन भोके पाडायला विसरू नये, नाहीतर आत हवा अडकते, स्नूट वर ओढला जातो आणि नेम धरताच येत नाही. असा स्नूट प्रकाश भरपूर खातो आणि झोताची कडा मऊ पडते. ती मऊ कडा मला काही चित्रांत भिंगाच्या स्नूटच्या कोरीव वर्तुळापेक्षा अधिक आवडते, पण लहान स्ट्रोबवर हा प्रयोग करू नये.

एक अनुभव मात्र आवर्जून सांगतो. पुढे मी एका परदेशी दुकानातून भिंगाचा स्नूट मागवला. माझ्या स्ट्रोबसाठीचे अडॅप्टर सोबत येईल असे सांगितले गेले होते. आले ते त्याच मालिकेतल्या नव्या मॉडेलचे, ज्याचा व्यास काही मिलिमीटरने वेगळा होता. परत पाठवायचा खर्च अडॅप्टरच्या किमतीहून अधिक झाला असता आणि सहल चार दिवसांवर आली होती. म्हणून स्ट्रोबचे मॉडेल, त्याच्या तोंडाचा व्यास आणि अडॅप्टरचे नाव हे तिन्ही लेखी विचारून घ्यावे आणि पेटी आल्याच्या दिवशीच जोडून पाहावे.

खोलपाणी

टीटीएलविषयी: स्नूट लावल्यावर ते बंदच ठेवा. चौकटीचा बहुतांश भाग काळा असतो. तो पाहून कॅमेऱ्याला वाटते की प्रकाश कमी पडला, तो स्ट्रोबची ताकद वाढवतो आणि उजेडातला एवढासा प्राणी पांढराफटक होतो. आयएसओ २००, शटर १/२५०, अपर्चर एफ/११ वर कॅमेरा ठेवा आणि ताकद हाताने बदला. एमएफ-१ मध्ये टीटीएल नाही, आणि मला त्याची उणीव कधी भासली नाही. हाउसिंगच्या आत कॅमेऱ्याची जी छोटी फ्लॅश असते, तिचे काम फायबर केबलमधून स्ट्रोबला इशारा देण्यापुरतेच असते. म्हणून तीही मॅन्युअलवर, १/६४ अशा किमान ताकदीवर ठेवा, म्हणजे ती लगेच भरते आणि कॅमेऱ्याची बॅटरी टिकते.

स्ट्रोब निवडताना लोक जिच्याकडे पाहत नाहीत अशी एक गोष्ट म्हणजे त्याचा नेमदर्शक दिवा. स्ट्रोबचा प्रकाश क्षणार्धाचा असतो, त्यामुळे झोत कुठे पडणार हे आधी दाखवणारा हा सततचा दिवा स्नूटसाठी अनिवार्य आहे. तो दिवा आणि फ्लॅशची नळी एकाच अक्षावर असतील, तरच दिव्याचे वर्तुळ जिथे दिसते तिथेच फ्लॅश पडते. दिवा कडेला असलेल्या स्ट्रोबवर स्नूट चढवला की वर्तुळ एकीकडे आणि फ्लॅश दुसरीकडे असा घोळ होतो. दुकानात गेलात तर स्नूट लावून भिंतीवर वर्तुळ पाडा, त्याच्या मध्यावर बोट ठेवून चित्र काढा आणि उजेड बोटावरच आला का ते पाहा. या एका चाचणीसाठी मी गाइड नंबरची तुलना बाजूला ठेवेन.

आता सरावाविषयी, कारण सगळे यश तिथे आहे. स्वयंपाकघरातली एक लवंग घ्या. तिची लांबी लहान न्यूडिब्रँकएवढी, दीडएक सेंटीमीटर असते, आणि डोक्याच्या पाकळ्या न्यूडिब्रँकच्या शिंगांसारख्या उठून दिसतात. टेबलावर काळे कापड पसरा, त्यावर लवंग ठेवा आणि खोलीतला दिवा मालवा. हाउसिंगमध्ये कॅमेरा भरून फोकस एका ठरावीक अंतरावर पक्का करा. तुमची ६० मिलिमीटरची लेन्स एकास एक प्रमाणात सेन्सरपासून १९ सेंटीमीटरवर फोकस करते, म्हणजे पोर्टच्या काचेपुढे जागा थोडीच उरते. आता स्नूट पोर्टच्या वरून खाली तोंड करून असा बसवा की दिव्याचे वर्तुळ बरोबर त्या फोकसच्या अंतरावर, चौकटीच्या मध्यभागी पडेल. बाहूचे चाप घट्ट करा. यापुढे स्नूटला हात लावायचा नाही. वर्तुळ लवंगेच्या डोक्यावर येईपर्यंत आख्खा कॅमेरा पुढे-मागे करायचा. वर्तुळ डोक्यावर आले की फोकसही आपोआप तिथेच आलेला असतो.

पहिल्या दिवशी दहापैकी दोन चित्रे जमतील. मी पंधरा दिवस रोज रात्री अर्धा तास हे केले, तेव्हा सात-आठ जमू लागली. पाण्यात उतरून हेच शिकायचे म्हटले तर हवा संपते, गाइड ताटकळतो, आणि त्या बिचाऱ्या प्राण्याला विनाकारण त्रास होतो. वरून झोत बसू लागला की मग मागून झोत सोडून पाहा. पारदर्शक कोळंबीच्या आतले अवयव त्या उजेडात काचेच्या दिव्यासारखे पेटतात.

शैवालिका

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्राण्याच्या त्रासाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. तळाशी राहणाऱ्या लहान माशांवर फ्लॅशचा काय परिणाम होतो, यावर २०१९ साली सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समुद्री घोडेही होते. फ्लॅशपेक्षा माशाला ढोसणे, हलवणे, हवा तसा वळवून बसवणे याचा ताण कितीतरी अधिक होतो, असे त्यात दिसून आले. छायाचित्रकारांनी यातून नेमका बोध घ्यावा असे मला वाटते. स्नूटचा नेम बसत नाही म्हणून काठीने प्राणी सरकवायचा मोह मक डायव्हिंगमध्ये, म्हणजे वाळू-गाळाच्या तळावर लहान प्राणी शोधताना, सर्रास दिसतो, आणि काही वेळा गाइडच ते काम करून देतो. समुद्री घोड्याला भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, पण कायदा नसलेल्या ठिकाणीही हाच नियम पाळावा. उतरण्यापूर्वीच गाइडला स्पष्ट सांगावे की काही हलवायचे नाही.

रात्री निघणाऱ्या कोळंब्या पांढऱ्या दिव्याने आत पळतात. लाल दिव्याने त्या फारशा बिचकत नाहीत, म्हणून फोकसच्या दिव्यात लाल रंगाची सोय असल्यास जरूर घ्यावी.

गलबत

बॅटऱ्यांचे राहिले. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या मोठ्या स्ट्रोबमध्ये रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरावेत, ते साध्या अल्कलाइनपेक्षा स्ट्रोब लवकर भरतात. एमएफ-१ ला एक १८६५० जातीचा लिथियम सेल लागतो. असे सुटे सेल विमानात चेक-इन सामानात टाकू नयेत. हातातल्या बॅगेत, प्रत्येकाची टोके झाकली जातील अशा डबीत ठेवावेत. पाणी अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट लावावे. जाड थरावर वाळूचा कण चिकटतो, आणि एक केस किंवा एक कण पाणी आत यायला पुरतो. दर डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे आणि बटणे त्या पाण्यातच दाबून मोकळी करणे हे तुम्हाला ठाऊक असेलच.

शंखपुष्पी

कालच परतले, म्हणून लगेच लिहिते.

शेवटी एमएफ-१ आणि ओएस-१ घेतले. दुसरा स्ट्रोब एका मैत्रिणीकडून उसना नेला. पेटी आली त्या संध्याकाळीच जोडून भिंतीवर बोट ठेवून पाहिले, उजेड बोटावरच आला. लवंगेवर सतरा रात्री सराव केला. घरातल्यांनीही लवंग हलवून, तिरकी ठेवून, कधी तिच्याजागी मिरीचा दाणा ठेवून मदत केली.

लेंबेची काळी ज्वालामुखीची वाळू स्नूटसाठी जणू घरचेच काळे कापड आहे. तरी पहिल्या दोन डाइव्ह वाया गेल्या, कारण टेबल हलत नाही आणि पाणी हलते. कॅमेरा हातात धरून वर्तुळ स्थिर राहीना. तिसऱ्या डाइव्हला गाइडने दाखवल्याप्रमाणे हाउसिंगखाली तीन छोटे पाय लावले आणि वाळूवर टेकवले. त्यानंतर केसाळ फ्रॉगफिशसमोर पंचवीस मिनिटे बसले. त्याच्या अंगावरचे तंतू पाण्याबरोबर डोलत होते. कपाळावरचे आमिष, पांढऱ्या किड्यासारखे, तो मधूनमधून बाहेर काढून नाचवत होता. वर्तुळ त्याच्या तोंडावर आणून मी नुसती थांबले. आमिष तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा बटण दाबले. चित्रात तोंड, आमिष आणि तंतूंची एक कड एवढेच आहे, बाकी सगळा काळोख. त्या पंचवीस मिनिटांत एकूण अकरा वेळा स्ट्रोब उडवला.

दुसऱ्या स्ट्रोबचाही उपयोग झाला. ज्या न्यूडिब्रँकचे शरीर लांब आणि पिसे पाठभर पसरलेली, त्यावर स्नूटचे वर्तुळ अपुरे पडे. तिथे स्नूट काढून दोन्ही स्ट्रोब पोर्टच्या दोन्ही अंगांना, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, प्रकाश पसरवणारे डिफ्यूझर लावून वापरले. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: एकच घेता येत असेल तर स्नूटसह लहान स्ट्रोब, आणि पुढच्या वर्षी दुसरा तसाच.

एक अडचण अजून सुटलेली नाही. अधिक मोठे चित्र मिळावे म्हणून पोर्टवर दहाचे डायॉप्टर, म्हणजे जास्तीचे भिंग, लावले की फोकसचे अंतर बदलते आणि स्नूटचा नेम चुकतो. पाण्यात ते पुन्हा जुळवायला माझी पाच-सहा मिनिटे जातात.

खोलपाणी

अकरा चित्रांत फ्रॉगफिशचे आमिष पकडलेत, अभिनंदन. डायॉप्टरसाठी स्नूटच्या बाहूवर नेलपॉलिशच्या दोन खुणा करून ठेवा, एक डायॉप्टरशिवायची आणि एक डायॉप्टरसह. दोन्ही जागा लवंगेवरच ठरवा, मात्र डायॉप्टरची जागा बादलीभर पाण्यात कॅमेरा बुडवून ठरवावी लागेल, कारण त्या भिंगाची ताकद हवेत आणि पाण्यात सारखी नसते.

भरतीओहोटी

डिसेंबरातल्या भांगाला मालवणला या. इथल्या खडकांवरही न्यूडिब्रँक आहेत, आणि ते तिन्ही पाय सोबत आणा. आमच्याकडे वाळू थोडी आणि खडक उंचसखल, त्यामुळे पायांची लांबी कमी-जास्त करता येत असेल तर बरे.